रबर लावलेली पानं

रविवार, ७ सप्टेंबर

आजचं सदर पानावर झकास बसलंय. चूक एकही नाही, आणि असणारही नाही, कारण पुरवणीची प्रुफं मीच वाचतो. 'या आठवड्यात उशाशी'मध्ये आज चार नवे थ्रिलर सुचवले. तीन बरे, चौथा अव्वल. 'जिभेखाली'. लेखिका नवीन, टोपणनावाने लिहिते. औषधांचं दुकान चालवणारी बाई, तिचा हृदयाचा आजार असलेला नवरा आणि दार लावलेलं घर, एवढ्या भांडवलावर तिने मला खुर्चीतून हलू दिलं नाही.

बायकोने पेपर वाचून विचारलं, "शेवट चांगला आहे का हो?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे यालाही रबर?"

हो, रबर. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. मागे एकदा सदरात नकळत खुनी फुटला आणि वाचकांनी माझी सालटी काढली. तेव्हापासून नवं पुस्तक आलं की शेवटच्या चौथाईला रबरबँड लावून टाकतो. तिथपर्यंत वाचायचं, शिफारस लिहायची, मग रबर काढायचं. ज्याला शेवट ठाऊकच नाही तो फोडणार काय, कपाळ? आता लिहून होईपर्यंत पुढचं पार्सल येऊन पडतं आणि रबर तसंच राहतं, हे खरं आहे. कपाटात अशी बरीच पुस्तकं जमली आहेत. बायको म्हणते, पुस्तकं कसली, कोथिंबिरीच्या जुड्या आहेत.

आजच्यातला परिच्छेद इथे उतरवून ठेवतो, चांगला उतरलाय म्हणून:

"ही औषधवाली गोळ्यांची पट्टी कापून दिली की तिचे कोपरे कात्रीने गोल करते, म्हाताऱ्या बोटांना टोचू नयेत म्हणून. इतकं बारीक निरीक्षण अलीकडे वाचलेलं नाही. ही बाई कुठेतरी भेटल्यासारखी वाटते. नवऱ्याचं पात्र मात्र भडक झालं आहे. बाहेर देवमाणूस आणि घरात बायकोच्या श्वासावर पहारा! असा माणूस खरोखर असता, तर तिच्या माहेरचे गप्प बसले असते का?"

शेवटचा प्रश्न बिनतोड आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

रागात लिहितोय, अक्षर वाईट येणार.

ऑफिसात एका वाचकाचा फोन. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज वर्ग शांत करण्याचा. "साहेब, मानलं तुम्हाला. सख्ख्या बहिणीवरची कादंबरी सुचवायला छाती लागते."

मी म्हटलं, कोणाची बहीण, कसली कादंबरी?

"अहो, औषधांचं दुकान, गोल कोपरे, काउंटरमागचं हिरवं स्टूल. त्यांच्या दुकानाच्या आसपास सगळ्यांनी ओळखलंय. फक्त शेवटी ती नवऱ्याला मारते, ते जरा... पण शेवटी गोष्टच ती, नाही का?"

फोन ठेवला की आपटला ते आठवत नाही. घरी येऊन माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा उघडला. ताईच पाठवते दर महिन्याला. एकूणएक पट्टीचे कोपरे गोल. इतकी वर्षं या पट्ट्या हाताळतोय.

म्हणजे कुणीतरी माझ्या बहिणीला उचलून कादंबरीत घातलं, खुनी केलं, आणि ते पुस्तक मी माझ्या नावानिशी घरोघरी पोचवलं. दाजी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, चार वर्षं झाली. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहून दिलं. त्या साध्या सरळ मरणाचा हा तमाशा!

दाजींसारखा माणूस पुन्हा होणे नाही. ताईला दुकानातून यायला जरा उशीर झाला की स्वतः न्यायला जायचे. तिचा फोन तेच उचलायचे, तिला कटकट नको म्हणून. आमच्याकडे चार दिवस राहायला आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर, करमत नाही म्हणून. एवढा जीव लावणारा नवरा कादंबरीत राक्षस होतो आणि मी त्याला नुसतं 'भडक' म्हणून सोडतो. सौम्य लिहिलं मी. फार सौम्य.

बायकोने विचारलं, "आता तरी पुढचं वाचणार ना?"

त्या घाणीला हात लावणार नाही म्हटलं. तिने डबा बंद करून जागेवर ठेवला.

गुरुवार, ११ सप्टेंबर

संपादकांकडे गेलो. वयाने माझ्या मुलासारखा, पण खुर्ची त्याची. म्हटलं, येत्या रविवारी चौकट छापा, शिफारस मागे घेतली आहे.

त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पुस्तक तुफान चाललंय. आपण लेखिकेला बोलावूया. तुम्हीच मुलाखत घ्या."

"माझ्या बहिणीची बदनामी आहे त्यात!"

"मग तुम्ही ते सुचवलंत कसं? वाचताना लक्षात नाही आलं?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. निरीक्षण इतकं चांगलं होतं की माणूस दिसलाच नाही, असं काहीतरी मी बोललो. तो हसला नाही, पण त्याने पेनाचं टोपण चावलं.

एक कळलं. लेखिका म्हणजे ताईच्या घरी वरच्या मजल्यावर राहायची ती मास्तरीण. भाडं वेळेवर द्यायची, जिन्यात भेटली की मान खाली घालायची. मुकी मांजर! वर बसून खालच्यांचे संसार टिपत होती.

शनिवार, १३ सप्टेंबर

दाजींचे थोरले भाऊ घरी आले होते. वर्षानुवर्षं फिरकले नव्हते. आल्या आल्या माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमच्यामुळे आमची लाज राहिली. तुम्ही लिहिलंत म्हणून लोक विचार तरी करतात."

खिशातून माझ्या सदराचं कात्रण काढलं. नवऱ्याबद्दलच्या ओळींखाली लाल रेघ मारलेली. म्हणाले, ही भाकडकथा त्या भाडेकरणीला कुणी पुरवली, ते उघड आहे. घरातलीच कुणीतरी. "पण सख्खा भाऊच म्हणतोय, भडक आहे, असा माणूस असूच शकत नाही. आता काय राहिलं? वकील म्हणाले, कात्रण जपून ठेवा. दुकानाची जागा आमची आहे. मेलेल्या माणसाचं नाव खराब करणारीला ती का द्यायची?"

माझं लिखाण कुणी इतकं जपून ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग ते 'जागा आमची'पाशी आले आणि चहा कडू लागला. मी म्हटलं, ताईचा यात काय संबंध, दोष त्या मास्तरणीचा. ते म्हणाले, "तुम्ही भाऊ आहात, तुम्ही असं म्हणणारच." आणि कात्रण घडी घालून पुन्हा खिशात.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "ताईंचं दुकान जाणार, तुमच्या वाक्यावर."

मी म्हटलं, वाक्य कादंबरीबद्दल आहे, दुकानाबद्दल नाही.  हल्ली तिची ही नवीनच पद्धत निघालीय, आपण काहीतरी बोलावं आणि हिने कपबशा उचलाव्यात.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मास्तरणीला गाठलं. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहिलो. मी काय काय बोलणार ते घोकूनच गेलो होतो आणि बरंचसं बोललोही. भाडेकरूने घरमालकिणीचं मीठ खाऊन असं करावं? मेलेल्या माणसाला कोर्टात उभं करता येत नाही म्हणून त्याला कादंबरीत मारायचं?

बाई वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी त्यांच्या डोक्यावर सहा वर्षं राहिले. फरशीतून सगळं ऐकू येतं हो. तुमचे दाजी ओरडायचे नाहीत कधी. हळू बोलायचे. तेच जास्त ऐकू यायचं."

"काय बोलायचे?"

"पुस्तकात आहे. तुम्ही वाचलंत ना?"

मी म्हटलं, ताईला कळलं असतं तर तिने तुमचा गळा धरला असता.

"ताईंनी छापायच्या आधी वाचलंय. दोनदा. एका जागी चूक होती, ती त्यांनीच दुरुस्त केली. गोळी पट्टीत नसते, म्हणाल्या, ती छोटी असते आणि बाटलीत येते." मग माझ्याकडे नीट बघून: "शेवट वाचलात का तुम्ही?"

हा प्रश्न आता मला रस्त्यावरचा कुत्रासुद्धा विचारेल. मी पाठ फिरवली.

ताईने वाचलं? खोटं. ताई आयुष्यात कुणाबद्दल वाकडा शब्द बोललेली नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ताईकडे गेलो. दुकानात गर्दी नव्हती, पण दोन बायका नुसत्याच उभ्या होत्या, मला पाहून निघून गेल्या. हिरवं स्टूल होतं. याआधी ते हिरवं होतं का?

मी सुरुवात केली, "ताई, त्या बाईला मी सोडणार नाही."

"बस खाली," ती म्हणाली. तिचा हा आवाज मी ऐकलेला नव्हता. "पुस्तकाचं मला काही झालेलं नाही. ती बिचारी दर आठवड्याला येते, विचारून जाते. मला राग तुझा आलाय."

"माझा? मी तर दाजींची बाजू..."

"तेच!" तिने कात्री काउंटरवर ठेवली. "'माहेरचे गप्प बसले असते का?' मला पाठ आहे ते. थोरले रोज येतात, गिऱ्हाईकांसमोर मोठ्याने वाचतात. सख्खा भाऊ म्हणतो, भडक आहे. म्हणजे मी खोटारडी. धाकट्या, तू तो प्रश्न कुणाला विचारलास? माहेर म्हणजे कोण होतं माझं? तूच ना? की आणखी कुणी होतं?"

मी म्हटलं, तू कधी बोलली नाहीस.

तिचा चेहरा लाल झाला. वाटलं, आता काहीतरी फेकून मारते. एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ चिठ्ठी घेऊन आले. तिने पट्टी कापली, कोपरे गोल केले, गोळी कधी घ्यायची ते दोनदा समजावलं. ते जाईपर्यंत तिचा आवाज मऊ होता. मग माझ्याकडे वळली.

"तुझं ते रबर काढ. वाच. आणि मग, मी कधी बोलले नाही, हे मला पुन्हा येऊन सांग. आणि ते वाक्य मागे घे. छापून. तुझ्या नावाने. नाहीतर येऊ नकोस."

मला घालवून दिलं! ज्या बहिणीसाठी मी दहा दिवस साऱ्या जगाशी भांडतोय, तिने. इतका संताप आलाय की जेवलो नाही. वाक्य मागे घे म्हणे. सदर आहे, लिहून पुसायची पाटी नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

वाचलं. ऑफिसात सुट्टी टाकली, सकाळी बसलो, दुपारी संपलं. रबर जुनंच वापरलेलं, इतकं वाळलं होतं की ओढताच तुटलं.

भाऊ आहे त्यात.

चौथाईच्या पहिल्याच पानावर येतो. मी जिथे थांबलो होतो तिथून एक पान उलटलं असतं तर भेटला असता. भला माणूस आहे. हसरा, बडबड्या, खांद्याला पिशवी. त्याला वाईट दाखवलेलं नाही, हे जास्त लागलं. नवरा आंघोळीला गेलेला असतो, तेवढाच वेळ. ती चहा गाळता गाळता म्हणते, "मला थोडे दिवस घेऊन जा. इथे मला श्वास घेववत नाही." भाऊ म्हणतो, दमली आहेस. पिशवीतून एक पुस्तक काढतो. "हे वाच, मन रमेल. शेवट सांगत नाही." नवरा बाहेर येतो, दोघं हसतखिदळत चहा पितात आणि भाऊ निघून जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याच्या छातीत दुखतं. जिभेखाली ठेवायची गोळी मागतो. बाटली तिच्या हाताशी आहे आणि मांडीवर भावाने दिलेलं पुस्तक. ती म्हणते, "एवढं प्रकरण संपवून उठते." आणि ती प्रकरण संपवते. सावकाश. एकही ओळ न गाळता.

मी पुस्तक भिंतीवर फेकलं. धादांत खोटं! असा भाऊ कुठे असतो? बहीण 'घेऊन जा' म्हणतेय आणि हा पुस्तक सुचवतोय? माणूस आहे की दुकानातला विक्रेता? मी ओरडून बायकोला सांगितलं, ऐक, ही मास्तरीण काय लिहिते ते.

बायकोने पुस्तक उचललं, दुमडलेली पानं सरळ केली.

"पुस्तक दिलं होतंत तुम्ही. निळं कव्हर. मीच पिशवीत घातलं होतं."

"कधी?"

"दाजी गेले त्याच्या आदल्या दिवशी. परत पाठवायला विसरू नकोस म्हणालात ताईंना, सदरासाठी लागेल म्हणून. त्यांनी पाठवलंसुद्धा, महिन्याभराने."

मला आठवेना. अजून आठवत नाही. त्या घरातला चहा आठवतो, दाजींनी सांगितलेला विनोद आठवतो. ताईने काय म्हटलं ते आठवत नाही. मी बायकोवर उखडलो, तू होतीस ना तिथे, मग तेव्हा बोलली का नाहीस?

"बोलले. येताना रस्ताभर बोलत होते. तुम्ही म्हणालात, तुम्हा बायकांना सगळीकडे रहस्य दिसतं."

असं मी म्हणालो असेन. हे वाक्य माझंच वाटतं.

ते निळं पुस्तक कपाटात असेल. शोधलं नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

चार दिवस काही लिहिलं नाही. सगळ्यांचा राग येतो. दाजींचा येतो, आणि ते हातात सापडत नाहीत. किती हळू आवाजात बोलायचे ते, मला वाटायचं संस्कार! थोरल्यांचा येतो, ते कात्रण घेऊन फिरतात त्याचा. मास्तरणीचा येतो, कारण तिने मला हसरा दाखवला. ताईचाही येतो. पुन्हा म्हणायचं होतंस ना बाई, ओरडायचं होतंस, माझी पिशवी फेकून द्यायची होतीस. मी मठ्ठ आहे हे तुला लहानपणापासून ठाऊक होतं.

संपादकांना नवा मजकूर दिला. वाचून म्हणाला, "काका, हे नाही छापता येणार. घरातली भांडणं पुरवणीत कशाला? आणि तुमच्या बहिणीचा तो दीर वकील घेऊन येईल आपल्यावर."

मी म्हटलं, वाक्य छापताना तुम्हाला वकील आठवला नाही, मागे घेताना आठवतो? तो म्हणाला, विषय संपला. नेहमीच्या चार शिफारशी द्या.

दिल्या चार शिफारशी. चारही पुस्तकं रबर काढून, शेवटपर्यंत वाचली. त्यातली दोन शेवटाला साफ झोपलेली निघाली. कपाटातल्या इतर जुड्यांमध्ये काय असेल देव जाणे, आणि मी ती पुस्तकं लोकांच्या उशाशी नेऊन ठेवली आहेत.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

पुरवणीचं पान छपाईला जाण्यापूर्वी शेवटचा हात माझा फिरतो. माझ्या सहीशिवाय पान खाली जात नाही. आज झोपलेल्या त्या दोन शिफारशी काढल्या आणि तेवढ्याच जागेत हे बसवलं. ओळी मोजून लिहिलं, पान हललं नाही:

"'जिभेखाली' ही कादंबरी मी इथे सुचवली तेव्हा तिचा शेवट वाचलेला नव्हता. आता वाचला. नवऱ्याचं पात्र भडक नाही. असा माणूस मी पाहिला आहे, त्याच्या शेजारी बसून चहा प्यायलो आहे आणि त्याला देवमाणूस म्हटलं आहे. माहेरचे गप्प बसले असते का, असं मी विचारलं होतं. बसले. माझी बहीण खोटं बोलत नाही. कादंबरी जरूर वाचा."

खाली माझं पूर्ण नाव. सही केली आणि पान पाठवलं. नोकरी जाईल बहुतेक. सदर तर नक्की.

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळी संपादकांचा फोन आला. उद्यापासून पुरवणीला हात लावायचा नाही. मी 'बरं' म्हटलं. त्याला वाटलं असावं मी भांडेन.

मग थोरल्यांचा. त्यांनी शिव्यांनीच सुरुवात केली. मेलेल्या माणसावर भुंकता, लाज वाटत नाही? मी म्हटलं, "वाटते. तुमच्या भावाला मी जिवंतपणी काही बोललो नाही, याची वाटते. ते कात्रण वकिलाकडे नेणार आहात ना, त्याच्यासोबत आजचंही न्या. आणि ताईच्या दुकानात पुन्हा मोठ्याने काही वाचलंत तर मी समोर उभा राहून तुमच्याहून मोठ्याने वाचेन." त्यांनी फोन ठेवला. जागेचं काय होईल ते मला माहीत नाही. ते ऐकणारे नव्हेत.

दुपारी ताईकडे गेलो. पेपर तिच्यासमोर काउंटरवर होता, घडी न मोडलेला. म्हणजे तिने वाचला नव्हता, माझ्यासाठी थांबली होती. चष्मा लावून तिने सदर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. वरच्या दोन शिफारशीसुद्धा सोडल्या नाहीत. मग खालचं. त्यावर बराच वेळ होती.

मी तिच्या हाताकडे बघत होतो. बाटली, मांडीवरचं पुस्तक, ते प्रकरण. ओठांवर आलं होतं. विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

तिने पेपर मिटला. "उशीर केलास," म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो जाईल असं मला वाटत नाही. मी काही बोलणार तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मग दुसरं, मग एक बाई तापलेलं मूल घेऊन. ताई उठली.

मी बाजूच्या बाकावर बसलो. ती मला बस म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. दुकान बंद होईपर्यंत मी तिथून हललो नाही.